गाडीखालचा बूट आणि देजप्पचा कोयता

मी एक जुना रबरी बूट आहे. पायात घालायचा नव्हे, मित्रांनो. गाडीच्या पुढच्या चाकाकडे जो लोखंडी दांडा जातो, त्याच्या सांध्यावर घड्याघड्यांचं एक रबरी आवरण बसवतात, तो मी. आतलं वंगण बाहेर जाऊ द्यायचं नाही आणि बाहेरची धूळ, वाळू, चिखल आत येऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. ज्याला जन्मभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायची आहे, त्याचा स्वभाव संशयी होणारच. मी धुळीच्या कणावर संशय घेतो, पाण्याच्या थेंबावर घेतो, आणि माणसांवर तर घेतोच घेतो.

कारखान्यातल्या तापल्या साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मी काळाभोर आणि ताठ होतो. एका छोट्या पांढऱ्या गाडीखाली मला बसवलं आणि ती गाडी दक्षिणेकडच्या मुलकी शहराजवळ, समुद्रकाठच्या एका गावात, संजीव आळ्वांच्या अंगणात आली. आळ्व कौलांच्या कारखान्यात मुकादम होते. लोक गाडीच्या रंगाचं कौतुक करायचे, हॉर्नचं करायचे. माझं नाव कधी कुणी काढलं नाही. गाडीखालून मला माणसांचे फक्त पाय दिसत, म्हणून मी पायांवरून माणसं ओळखायला शिकलो. आळ्वांच्या चपलेचा अंगठा तारेनं बांधलेला होता. त्यांच्या बायकोच्या, वारिजाक्कांच्या पायांत जोडवी होती. शेजारचा देजप्प अनवाणी यायचा. पोफळीच्या बागेत राबून त्याच्या टाचांना भेगा पडलेल्या होत्या. देजप्पची मुलगी सुगंधी या गाडीच्या मागच्या सीटवर झोपूनच लहानाची मोठी झाली. आळ्वांना मूलबाळ नव्हतं, ती त्यांना मामा म्हणायची, त्यामुळे ती दोन्ही घरांची लेक होती.

दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आळ्व गाडीखाली सरपटत यायचे. खारी हवा पत्रा खाते, म्हणून इंजिनातून काढलेल्या जुन्या तेलात डिझेल मिसळून ते गाडीचं पोट ब्रशनं माखायचे. "घे बाबा, तूही घे," म्हणून दोन हात माझ्यावरूनही फिरवायचे. त्या जळक्या तेलाचा वास मला सोसत नसे. पण मालकाच्या हातावर संशय घ्यावा, असं माझ्या कधी मनातही आलं नाही.

मग गेल्या महिन्यात त्या दोन घरांत कुरबूर झाली. देजप्पनं भिंतीवरून आलेली आळ्वांच्या फणसाची फांदी न विचारता तोडली. शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं. त्यानंतर एका दुपारी भेगाळलेले पाय चोरपावलांनी गाडीजवळ आले. देजप्प ओणवा झाला. हातात कोयता होता. तो गाडीखाली अर्धा शिरला आणि माझ्या अगदी जवळ कुजबुजला, "गप. ओरडू नकोस." माझा संशय जागा झाला. वरच्या खिडकीतून आळ्वांनीही हे पाय पाहिले, ते मला नंतर कळलं.

आठवडाही झाला नसेल, देवळाच्या वळणावर माझी एक घडी फाटली. वंगण चाकाच्या आतल्या अंगाला उडालं, वाळू आत शिरली आणि वळताना सांधा टकटक वाजू लागला.

"हे आपोआप झालेलं नाही," आळ्व चाकाशी बसून म्हणाले. "कुणीतरी पातं चालवलंय."

"कोण चालवणार?" वारिजाक्कांनी विचारलं.

"त्या दुपारी गाडीखाली कोण शिरला होता? फांदीवर भागलं नाही, आता गाडीवर आलाय."

"अहो, रविवारी त्याच गाडीतून सुगंधीला सासरून, कार्कळहून आणायचंय ना? सातवा महिना आहे पोरीला."

"बापानं आणावं तिला. रिक्षा करावी. माझी गाडी जाणार नाही."

"ती फोनवर म्हणाली, येईन तर मामांच्याच गाडीतून येईन. तिला काय सांगू? मामा रुसलेत?"

आळ्व उठून घरात निघून गेले. खरं सांगतो, मला त्यांचंच पटत होतं.

शनिवारी सकाळी ते नवा बूट घेऊन आले. गाडी उचलून तिच्याखाली ठोकळे लावले आणि चाक काढलं. पण दांडा बाहेर काढायचा तर चाक ज्यावर बसतं तो जड लोखंडी गट्टू एकानं बाहेर ओढून धरावा लागतो. वारिजाक्कांनी ओढून पाहिलं, त्यांचे हात घसरले. आळ्व घामाघूम झाले आणि कुणाकुणाला शिव्या देऊ लागले. तेवढ्यात ते भेगाळलेले पाय आले.

"अण्णा, मी ओढतो. तुम्ही दांडा काढा."

आळ्व जरासे बाजूला सरकले. देजप्पनं गट्टू छातीशी ओढला, दांडा सुटला आणि मी सांध्यावरून निघालो. आळ्वांनी मला त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे बघ. कुणाच्या कोयत्याचं काम आहे, बोल."

देजप्पचा चेहरा उतरला. अख्ख्या आळीत ही कुजबुज होती, ती त्याच्याही कानावर गेलीच होती. "कोयत्यानं कापलं तर कड सरळ येते, अण्णा," तो हळूच म्हणाला. "ही बघा, दातेरी फाटलीय."

वारिजाक्कांनी मला हातात घेऊन दाबलं. त्यांचं बोट आत रुतलं. "हे तर फुगलंय! माझ्या कुकरची रिंग आठवते का? कडक होऊ नये म्हणून तुम्ही तिला तेल चोळायचात. तीसुद्धा अशीच लिबलिबीत होऊन गेली."

आळ्व उठले. पलीकडच्या चाकामागे हात घालून त्यांनी माझ्या जोडीदाराला अंगठ्यानं दाबलं. त्याचीही घडी फाटली. तिकडे तर कुणाचा कोयता गेलेला नव्हता. आळ्वांनी अंगठा नाकाशी नेला. दर वर्षी त्यांनीच माखलेल्या जळक्या तेलाचा वास त्याला येत होता.

"मग त्या दुपारी तू गाडीखाली काय करत होतास?" त्यांनी विचारलं, पण आवाजात आता जोर नव्हता.

"माझी कोंबडी तुमच्या चाकामागे अंडी घालत होती. बागेतून तसाच आलो होतो, कोयत्याच्या पाठीनं तिला हुसकलं. ओरडली असती तर तुम्ही बाहेर आला असता, आणि आपलं बोलणं बंद. अंडी वारिजाक्कांना दिली, कुठली ते सांगितलं नाही."

"आणि यांनी तांदळाच्या नीर डोशाबरोबर खाल्ली," वारिजाक्का म्हणाल्या. "वर आणखी मागितली!"

आळ्वांची मान खाली गेली. मग ते पुटपुटले, "देजू, दुसरा बूटही आणावा लागेल. गाडी तर उघडी पडलीय. मला तुझ्या स्कूटरवर मागे बसव."

आता मी पडवीत एका खिळ्याला टांगलेला आहे. जळक्या तेलाचा डबा देजप्पच्या कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून गेला. इथून मला आता रोज माणसांची तोंडं दिसतात. रविवारी संध्याकाळी गाडी कार्कळहून आली, आवाज न करता. गाडी आळ्व चालवत होते, शेजारी देजप्प होता, मागे सुगंधी. आळ्वांनी तिला हात देऊन उतरवलं.

"मामा, गाडी कुणीतरी बिघडवली होती म्हणे. सापडला का तो?"

"सापडला," आळ्व म्हणाले. "आत्ता तोच चालवत होता."

देजप्प इतका हसला की कोंबड्या पळाल्या.

मित्रांनो, वस्तूंवर माया जरूर करा, पण त्यांना काय सोसतं ते आधी जाणून घ्या. संशयी तर मी आजही आहे, तो स्वभाव जाणार नाही. तुम्हीही खुशाल संशय घ्या. फक्त दुसऱ्याच्या हातातला कोयता पाहण्याआधी आपल्या बोटांचा वास तेवढा घेऊन पाहा.