खुर्चीचं माप

अर्धा सेंटिमीटर म्हणजे हो काय? करंगळीच्या नखाएवढंसुद्धा नाही. पण तेवढ्यानं एका भल्या माणसाला दोन वर्षं अन्न गोड लागू दिलं नव्हतं.

कारखान्यात त्याला सगळे 'फूटपट्टी' म्हणत. अंतराळस्थानकावर जाणाऱ्या यानातल्या खुर्च्या तो बनवायचा. ज्याच्या त्याच्या पाठीचा साचा घेऊन ज्याची त्याची खुर्ची. परत येताना यान जमिनीवर आपटतं, तेव्हा माणसाला सांभाळते ती ही खुर्ची. म्हणून बसलेल्या माणसाची उंची, बैठकीपासून टाळूपर्यंत, चौऱ्याण्णव सेंटिमीटरच्या वर चालत नाही. वर गेली की डोकं खुर्चीच्या कडेवर आदळणार. फूटपट्टी या बाबतीत कारल्यापेक्षा कडू. पाव सेंटिमीटरसाठी त्यानं एका नावाजलेल्या वैमानिकाला घरी धाडलं होतं.

आणि एक दिवस मापाला आला त्याचा सख्खा धाकटा भाऊ. बारा वर्षं त्यानं या उड्डाणासाठी जिवाचं रान केलेलं, दोनदा नाव लागता लागता राहिलेलं. नात्यातल्याचं माप आपण घेऊ नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण सोबतचा मापारी रजेवर होता, आणि दादाला, म्हणजे फूटपट्टीला, हौस! पट्टी टाळूला टेकली, आकडा निघाला साडेचौऱ्याण्णव. दादानं चौऱ्याण्णव लिहिलं. झालं!

खाई त्याला खवखवे, म्हणतात ते खोटं नाही. भावाचा फोटो पेपरात आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, दादानंही वाजवल्या. पण पेपर लगेच घडी करून ठेवला. भाऊ फोनवर म्हणायचा, "दादा, तुझ्या खुर्चीत बसून जाणार मी!" आणि दादा "हो रे" म्हणून लगेच फोन ठेवायचा.

उड्डाणाला नऊ दिवस उरले. खुर्चीची शेवटची चाचणी होती. माणसाएवढे पुतळे बसवून ती उंचावरून आपटायची. दादानं साहेबांच्या मागे लागून दोन जादा पुतळे बसवले: एक चौऱ्याण्णवपेक्षा अर्ध्या सेंटिमीटरनं उंच, एक पुऱ्या एकानं. अर्ध्याचा धडधाकट निघाला. एक सेंटिमीटरवाल्याची मान मोडली.

दादानं भिंतीला टेकून मोठा श्वास सोडला. भाऊ वाचला! आता मनातलं सांगून टाकावं म्हणून तो तडक मापाच्या खोलीत गेला. भाऊ तिथं पोशाख चढवून बघायला आला होता.

"ऐक, मी गाढवपणा केलाय," दादा म्हणाला. "तुझं माप अर्धा सेंटिमीटर कमी लिहिलंय. पण घाबरू नकोस, आत्ताच बघून आलो. अर्ध्याला काही होत नाही."

भावाचा चेहरा पांढराफटक पडला.

"दादा, मी त्या दिवशी पोक काढून बसलो होतो."

"काय?"

"कंबर मागच्या फळीला टेकवलीच नव्हती. तुला माहीत होतं ना?"

"मला कुठलं माहीत!"

"सगळ्यांच्या कमरेमागे हात घालून बघतोस तू. माझ्या नाही घातलास. मला वाटलं, दादानं डोळेझाक केली."

दादाला तो दिवस आठवला. खरंच घातला नव्हता. विसरलो, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. कसला विसरतोय! आकडा वाढेल या भीतीनं हात पुढे गेलाच नव्हता.

त्यानं भावाला पुन्हा बसवलं, कमरेमागे हात घातला, पट्टी टेकवली. साडेपंच्याण्णव.

"आपल्या दोघांखेरीज कोणाला ठाऊक नाही," भाऊ हळूच म्हणाला.

"एका सेंटिमीटरला मान मोडली रे पुतळ्याची."

"पुतळ्याची मोडली. माझी मोडेलच असं कुठंय?"

"आणि मोडली तर? तुझ्या पोरीला मी काय सांगू?"

दादानं नोंदवही उघडली. भावानं त्याचं मनगट धरलं, घट्ट, दुखेपर्यंत. मग सोडलं.

"त्याच दिवशी लिहिलं असतंस ना, तर चार दिवस रडलो असतो आणि कामाला लागलो असतो," तो म्हणाला. "दोन वर्षं कशाला नेलंस मला इथवर? लिही आता."

दादानं लिहिलं. वही घेऊन तो साहेबांकडे गेला आणि काही न लपवता सगळं सांगितलं. भावाच्या जागी राखीव प्रवासी जाणार, हे तिथंच ठरलं.

"नोकरी जाईल तुमची," साहेब म्हणाले. "पण भावाचा जीव वाचवलात."

"वाचवलात म्हणू नका हो, साहेब," दादा म्हणाला. त्याला मान वर करवेना.

तो परत आला तेव्हा भाऊ दाराकडे पाठ करून फोनवर लेकीशी बोलत होता. आवाज अगदी शांत होता.

"नाही गं बाळा, काकाची काही चूक नाही. काकानं बरोबरच मोजलं होतं. मीच नीट बसलो नव्हतो."

दादा दारातच उभा राहिला. आत पाऊल टाकायची त्याची हिंमत झाली नाही.