बिनवजनाचं घड्याळ

जावयाने घड्याळ घेतलं, तेव्हा घरात कोणाचं लक्षच गेलं नाही. त्याने बाही वर सारली, उगाच डोकं खाजवलं, मीठ मागताना हात टेबलभर फिरवून आणला. शेवटी बायकोने विचारलं, "हाताला काही चावलंय का?"

मग त्याने सांगितलं. कवच कार्बनचं, आतला सांगाडा टिटॅनियमचा, पट्टा कापडाचा. सेल नाही, चावी द्यायची. खास खेळाडूंसाठी बनवलेलं. टेनिसचा कितीही जोरकस फटका मारा, आतलं एक चाक बिचकणार नाही. या गृहस्थाने आयुष्यात जोरात मारल्या त्या फक्त थापा.

"हातात आहे हेच कळत नाही!" तो म्हणाला.

"मग नसतं तरी चाललं असतं," बायको म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

वेळ तेवढी त्यात दिसत नसे. तबकडीच नव्हती, आणि काटे चाकांच्या गर्दीत हरवून जात. वेळ बघायची झाली की तो खिशातून मोबाइल काढी, नाहीतर बायकोला विचारी.

बायकोच्या माहेरचा धंदा वजनांचा. तागडीत टाकायची खरीखुरी लोखंडी वजनं, घसरून पायावर पडली तर माणूस महिनाभर लंगडतो अशी. भट्टी, साचे, तपासणी आणि गिऱ्हाइकांची बोलणी हे सगळं कित्येक वर्षं लेकच सांभाळत होती. खुर्ची मात्र वडिलांची. आता वडील थकले होते आणि ती कोणाला द्यायची हे ठरायचं होतं. लेक कामाची आहे, हे त्यांना मान्य होतं. पण खुर्चीत पुरुषमाणूस बरा दिसतो, असंही त्यांचं एक मत होतं, आणि दिसण्यात जावई कुठेच कमी नव्हता. व्यवस्थापनाची पदवी होती, कॉलर कडक होती, मान ठरावीक वेळाने डोलत असे. 'दोघं या, कारखान्याचं पुढे काय करायचं ते सांगा,' असा वडिलांचा निरोप आला.

गाडी लेक चालवत होती. जावयाने वाटेतच आपली योजना उघड केली.

"आपल्या कारखान्याचा खरा शत्रू कोण, माहितीये? वजन! वीस किलोचा ठोकळा उचलताना हमालाची कंबर मोडते, ट्रक कुरकुरतो, भाडं वाढतं. सगळं जग हलकं होत चाललंय आणि आपण अजून लोखंड वितळवत बसलोय. मी म्हणतो, हेच ठोकळे कार्बनचे करू. वीस किलोचं वजन, उचलायला जेमतेम दोन किलो!"

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याकडून धक्का बसायची सवय मोडते. तिने गाडी जरा कडेला घेतली. त्याला वाचवायला एक वाक्य पुरेसं होतं. ते अगदी ओठांवर आलं होतं, पण त्याबरोबर ती खुर्चीही डोळ्यांपुढे आली. तिने वाक्य गिळलं.

"छान आहे," ती म्हणाली. "अगदी अश्शाच शब्दांत सांगा."

वडिलांना एक खोड होती. कोणतीही नवी वस्तू ते आधी तळहातावर तोलून बघत. नातवंडंसुद्धा यातून सुटली नव्हती. त्यांनी जावयाचं घड्याळ तळहातावर घेतलं, डोळे मिटले, हात दोनदा वरखाली केला.

"जावईबापू, आत काहीतरी घालायचं राहिलंय."

"तेच तर त्याचं वैशिष्ट्य आहे, बाबा!" असं म्हणून जावयाने योजना सांगायला घेतली. गाडीत राहून गेलेले हातवारेही त्यात घातले. दारात उभा असलेला भट्टीचा मिस्त्री छताकडे बघू लागला.

वडिलांनी शांतपणे ऐकून घेतलं. "बरं. हे तुमचं वीस किलोचं वजन एका पारड्यात टाकलं, तर दुसऱ्या पारड्यात साखर किती बसेल?"

"वीस किलो," जावई ठामपणे म्हणाला. "त्याच्यावर वीस लिहिलेलं असेल ना!"

मिस्त्री घाईघाईने बाहेर गेला. बाहेरून पत्र्याचं घमेलं गडगडत गेल्यासारखा आवाज आला. तो हसत होता.

वडील लेकीकडे वळले. "तुला माहीत होतं हे?"

"गाडीत कळलं."

"मग सांगितलं नाहीस?"

"इतक्या उत्साहात होते, मोडता घालवेना."

वडिलांनी तिच्याकडे बराच वेळ बघितलं, तळहातावर घेतल्यासारखं. मग खुर्चीचे हात धरून ते उठले आणि खुर्ची पायाने तिच्याकडे सरकवली. "बस. धंद्यात कधी गप्प बसायचं तेच कळावं लागतं. बाकीचं तुला येतंच."

पण जावई तो जावईच, त्याला हात हलवत कसा धाडणार? "तुम्हाला आम्ही प्रमुख मार्गदर्शक नेमतो," वडील त्याला म्हणाले. "वेगळी खोली, दारावर पितळी पाटी. हाताखाली माणसं नाहीत, सह्या नाहीत, कुणी येऊन काही विचारणार नाही. कसला म्हणून भार नाही."

जावयाचा चेहरा असा उजळला की लेकीला क्षणभर त्याची कीवच आली. क्षणभरच.

"बघितलंस?" तो तिच्या कानाशी पुटपुटला. "घड्याळाने छाप पडते. अगं, किती वाजले बघ ना, खोली बघून येतो."

खुर्चीच्या बरोबर समोर भिंतीवर एक घड्याळ होतं. ओतकामाची वाळू पुरवणाऱ्याने कधीतरी फुकट दिलेलं, प्लास्टिकचं, काच पिवळी पडलेली. तिने खुर्ची पुढे ओढली, त्यात बघितलं आणि त्याला वेळ सांगितली. ते जरा पुढे जायचं, पण दिसायचं.