रिकामा आरसा

पंचवटीतून बाहेर पडताना पगारेंच्या बायकोनं, छायानं फुलांची पिशवी मांडीवर सावरली आणि डाव्या आरशाकडे बोट केलं. आरशाच्या कोपऱ्यात पिवळा दिवा लागला होता.

"आला बघा."

कोण, ते पगारेंनी विचारलं नाही. त्यांनी गाडीचा वेग थोडा कमी केला. दिवा विझला.

ही गाडी मुलीनं, अंजलीनं हट्टानं घ्यायला लावली होती. आरशात न मावणाऱ्या कोपऱ्यात एखादं वाहन आलं की हा दिवा लागायचा, आणि तरीही तिकडे वळायला गेलं की गाडी ओरडायची. भाऊ राकेश अपघातात तसा गेल्यावर तिनं असली गाडी शोधून काढावी यात नवल नव्हतं. पण छायाला त्या दिव्याचं वेडच लागलं. दिवा लागला आणि आरशात कुणी नसलं की तिचा चेहरा उजळायचा, पगारेंच्या अंगावर काटा यायचा. आपणही त्या रिकाम्या आरशात राकेशची मोटारसायकल शोधतो, हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं.

राकेशचा अपघात दिंडोरी रोडवर झाला. देवळ्याचे कांदा व्यापारी झुंबर आहेर यांनी गाडी डावीकडे घेतली आणि शेजारून चाललेला राकेश चाकाखाली आला. दवाखान्यात आहेरांनी पगारेंचे पाय धरले होते. पोरगा दिसलाच नाही, एवढंच ते पुन्हा पुन्हा सांगत होते. पगारेंनी पाय सोडवून घेतले. हयातभर एसटी चालवलेल्या माणसाला हे सांगायचं? आरशात बघितलं असतं तर दिसला असता. तेव्हापासून दर वर्षी राकेशच्या स्मृतिदिनी होणाऱ्या पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी आहेरांचा फोन यायचा, येऊ का म्हणून. पगारे तो घ्यायचे नाहीत.

"सकाळी फोन आला होता त्यांचा," छाया म्हणाली. "या वर्षी तरी येऊ द्या की त्यांना."

"खोटं बोलणाऱ्या माणसाला माझ्या लेकाच्या फोटोपुढे उभं करू?"

फुलांवरचं ओलं फडकं तिनं उगाच नीट केलं.

डावीकडे कॉलनीचं वळण आलं. पगारेंनी इंडिकेटर दिला, आरशात पाहिलं. मागे रस्ता मोकळा होता. पिवळा दिवा लुकलुकायला लागला, पाठोपाठ गाडी ओरडू लागली. ओरडू दे, असं मनाशी म्हणत त्यांनी स्टिअरिंग फिरवलं.

"थांबा."

छायानं त्यांचा हात घट्ट धरला होता. ब्रेक करकचून लागला. तिच्या खिडकीला जवळजवळ खेटून एक मोटारसायकल पुढे निघून गेली. चालवणारा राकेशच्याच वयाचा असावा. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही. पिशवीतली फुलं छायाच्या पायाशी सांडली.

पगारेंनी गाडी कडेला उभी केली आणि आरशात पाहत राहिले. तो पोरगा इतका वेळ तिथेच होता आणि आरशात नव्हता. एसटीत डावी बाजू त्यांनी कधी एकट्यानं सांभाळलीच नव्हती. कंडक्टर लहानू दारातून वाकून पत्र्यावर थाप मारायचा, मग बस वळायची. त्या थापेची इतकी सवय झाली होती की सगळं आपल्यालाच दिसतं, असं ते धरून चालले होते. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आहेरांनीही आरशात पाहिलं असेल. त्यांनाही असाच मोकळा रस्ता दिसला असेल, आणि त्या मोकळ्या रस्त्यावर राकेश होता.

"लाव त्यांना फोन," ते म्हणाले.

छायानं कुणाला म्हणून विचारलं नाही. पलीकडून फोन लगेच उचलला गेला.

"किशोर पगारे बोलतोय. उद्या सकाळी या."

आहेर म्हणाले, "येतो, साहेब. एसटीनं येतो. त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाय मी."

"स्टँडवर थांबा. मी न्यायला येतो."

"तुमच्या गाडीत?" आहेरांनी विचारलं. "बरं. मी मागं बसेल."

"मागे नको, शेजारी बसा," पगारे म्हणाले. "डावीकडचं मला दिसत नाही."