आमच्या सौ. म्हणतात

टेबल पुसताना अक्षताचा हात माउसला लागला आणि कॉम्प्युटरचा काळा पडदा उजळला. धैर्यशील घाईघाईत शिकवणीचा वर्ग घ्यायला गेला होता, इंटरनेटवरचं गप्पांचं पान तसंच उघडं ठेवून. गेली दोन वर्षं त्याची प्रत्येक संध्याकाळ या पानावर जायची. गावोगावची मराठी माणसं तिथं जमून वाद घालत. रंकाळा तलावात माजलेलं केंदाळ माणसांनी काढावं की यंत्रानं, मोबाईलवरच्या खेळांनी पोरं बिघडतात की हुशार होतात, शाहूवाडीकडं शेतात उतरणारे गवे हाकलावेत की त्यांना वाट द्यावी. जेवताना धैर्यशील त्यातलं काहीबाही सांगायचा आणि ती ऐकायची.

आज वर ठळक अक्षरांत होतं, 'पाटा की मिक्सर?'

ती फडकं पिळायला वळणार होती, तेवढ्यात तिला 'करवीरकर' दिसलं. धैर्यशीलनं तिथं घेतलेलं ते नाव. त्याच्यापुढं त्यानं लिहिलं होतं :

'आमच्या सौ. मिक्सरला हातही लावत नाहीत. त्या म्हणतात, ज्या बाईचा हात दुखला नाही, तिच्या रश्श्याला चव आली नाही.'

खाली नुसती वाहवा होती. कुणी वहिनींना दंडवत घातला होता, कुणी हे वाक्य प्रत्येक स्वयंपाकघरात टांगायला हवं म्हणत होतं. बुद्धभूषण नावाच्या एकट्यानंच विचारलं होतं, 'करवीरकर, तुम्ही स्वतः कधी वाटलंय का?' त्याला कुणीच उत्तर दिलेलं नव्हतं.

अक्षतानं ते वाक्य पुन्हा वाचलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावरच्या मिक्सरच्या भांड्याला सकाळचं वाटण अजून चिकटलेलं होतं. तिनं ते घासलं, धुतलं आणि रॅकवर दणकन उपडं घातलं.

संध्याकाळी धैर्यशील दारात बूट काढत असतानाच तिनं विचारलं,

“बाईचा हात दुखल्याशिवाय चव येत न्हाय, असं मी कधी म्हटलं?”

त्याला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो हसला.

“अगं, गप्पा असतात त्या. जरा रंग भरायला लागतो की.”

“मग भरा. पण माझ्या तोंडात कशाला भरताय?”

“तुझं नाव कुठं लिवलंय? सौ. म्हटलंय नुसतं.”

“तुमच्या सौ. हायत तरी किती?”

धैर्यशीलनं दुसरा बूट काढायला उगाच वेळ लावला.

“बरं, काढून टाकतो ते,” तो म्हणाला. “पण एक अडचण हाय. रविवारी तिथलेच दोघं जेवायला येणारेत. पाट्यावरचं मटण खायला. मीच बोलावून बसलोय.”

“मग वाटा की.”

“कोण? मी?”

“ज्यानं लिवलंय त्यानं वाटावं. मिक्सरवर म्हणाल तर मी करते. पाट्याला मी हात लावणार न्हाय.”

पाटा गॅलरीत होता, जास्वंदीच्या कुंडीखाली. रविवारी सकाळी धैर्यशीलनं कुंडी बाजूला सरकवली, पाट्यावरची माती ब्रशनं खरवडली, शेजारच्यांना दिसू नये म्हणून साडी वाळत घालायच्या दोरीवर चादर टाकली आणि मांडी घालून बसला. भाजलेलं खोबरं वरवंट्याखाली येईना. लसूण उडून कुंडीत गेली. अक्षता एकदाच दारापाशी आली.

“पाणी दमानं घाला. वाहून चाललंय.”

एवढंच बोलून ती आत गेली. वाटण झालं तोवर त्याचा बनियन पाठीला चिकटला होता आणि दोन्ही तळव्यांना फोड आले होते.

“त्यांना सांगू नको हं,” तो वाटण तिच्या हातात देत म्हणाला. ती पातेलं गॅसवर चढवायला वळली.

पाहुणे बाराच्या सुमारास आले. अण्णासो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मिशाळ, आवाजानं जिना दणाणून सोडणारे. बुद्धभूषण कॉलेजात शिकवत होता. तिशीचा, किरकोळ अंगाचा. आल्या आल्या त्यानं चप्पल नीट कडेला लावली. जेवायला बसल्यावर अण्णासोंनी तांबड्या रश्श्याची वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले.

“बघा बुद्धभूषण! मिक्सरमधनं निघंल काय ही चव?”

“चव झकास हाय,” बुद्धभूषण म्हणाला. “माझा प्रश्न चवीचा नव्हताच.”

धैर्यशील बोटांच्या टोकांनी भाकरी मोडत होता. अक्षता पांढरा रस्सा वाढत होती. दारी आलेल्या माणसांसमोर काही बोलायचं नाही, असं तिनं मनाशी ठरवलं होतं.

“वहिनी, तुमचं ते वाक्य म्हणजे लाखात एक,” अण्णासो म्हणाले. “आमच्या सुनेला वाचून दाखवलं मी. दुसऱ्या दिवशी मिक्सर बांधून माळ्यावर टाकला.”

अक्षताची पळी भांड्यात तशीच राहिली.

“सूनबाई काय करतात?”

“दीप्ती व्हय? पतपेढीत हाय. नऊला घर सोडती. आता जरा लवकर उठती, पाचला. सुरवातीला तोंड केलं तिनं. मग म्हटलं, ही बाई राजारामपुरीतली हाय, शिकलेली हाय, आणि बघ काय म्हणती. मग गप बसली.”

अक्षतानं भांडं खाली ठेवलं.

“ते मी म्हटलेलं न्हाय.”

अण्णासो हसले. त्यांना तो विनय वाटला.

“तसं न्हाय, अण्णासो. मी मिक्सरवरच वाटते, रोज. आजचं वाटण यांनी केलंय, गॅलरीत बसून. तळवे बघा त्यांचे.”

धैर्यशीलनं मूठ मिटली. पण मिटताना त्याच्या तोंडातून नकळत 'स्स' निघालं. बुद्धभूषणनं मान खाली घातली.

“तुमच्या घरचा नंबर सांगा,” अक्षता म्हणाली.

“आता? कशाला?”

“दीप्तीशी बोलायचंय.”

“जेवण तरी हून दे की, वहिनी.”

“नंबर सांगा.”

अण्णासोंनी धैर्यशीलकडं पाहिलं. तो ताटाकडं पाहत होता. मग त्यांनी एकेक आकडा सांगितला. अक्षतानं उभ्यानंच भिंतीजवळचा फोन फिरवला.

“दीप्ती काय? मी अक्षता, राजारामपुरीतनं. तुमचे सासरे आमच्याकडंच जेवायला आलेत. तुम्हाला जे वाक्य वाचून दाखवलं, ते माझं न्हाय. मी तसं कधी म्हटलं न्हाय आणि म्हणणार पण न्हाय.”

पलीकडून एकदम बोलणं सुरू झालं, ते थांबेचना. अक्षतानं भिंतीकडं तोंड केलं. मध्येच ती “व्हय” म्हणाली, मध्येच “न्हाय, अजिबात न्हाय.” एकदा हसलीसुद्धा. रिसीव्हर ठेवून ती वळली तेव्हा अण्णासोंची भाकरी हातातच होती.

“काय म्हणाली?”

“घरी गेल्यावर तीच सांगंल. मी सांगितलं तर पुन्हा दुसऱ्याच्या तोंडनं आलेलं बोलणं हुईल.”

अण्णासोंनी वाटीत पाहिलं. मिशीला लागलेला रस्सा त्यांनी पुसला नाही.

अक्षता टेबलापाशी गेली आणि तिनं कॉम्प्युटर चालू केला. धैर्यशील घाईनं उठला.

“काढतो मी ते. आत्ता, तुझ्यासमोर काढतो.”

“काढू नका. राहू दे तिथंच. त्याच्या खाली मला लिवायचंय.”

“मग तू सांग, मी टाइप करतो.”

“तुम्ही जेवा.”

तो तिथंच उभा राहिला. बुद्धभूषण मदतीला म्हणून अर्धवट उठला आणि काय वाटलं कोण जाणे, पुन्हा खाली बसला. पडद्यावरच्या रिकाम्या चौकटीत आधी नाव मागितलं होतं. अक्षतानं पदर खोचला आणि कीबोर्डवर बोट फिरवत आपल्या नावाचं पहिलं अक्षर शोधायला सुरुवात केली. ते लवकर सापडेना. तिलाही घाई नव्हती. मागं वाट्यांतला रस्सा निवत होता, आणि पुढचा घास घ्यायला कुणाचाच हात उचलत नव्हता.