दौलू दरवानाला बरं मरण

केरबा सूर्यवंशींची बदली देगलूरला झाली, आणि निघण्याआधी त्यांनी अनंतरावांकडे एकच मागणं मागितलं. दौलूला नीट मारा.

"बरं मरण द्या त्याला," ते म्हणाले. "लई वंगाळ करून बसलंय बेणं. फिटलं पाहिजे. असं मरू द्या की पंचाक्षरीच्या डोळ्यांतनं पाणी आलं पाहिजे."

"यंदा लातुरात कुठनं यायचं ओ?" पंचाक्षरी म्हणाले.

दौलू हा हाडामांसाचा माणूस नव्हता. दर रविवारी दुपारी अनंतरावांच्या दिवाणखान्यात चार जाणती माणसं जो खेळ खेळत, त्यातलं ते केरबांचं पात्र. शेजाऱ्यांना वाटे, पत्ते चालतात. पत्ते असते तर शेजाऱ्यांना समजून तरी घेता आलं असतं. या खेळात अनंतराव सूत्रधार. ते एक राज्य रचून सांगायचे, त्यातला गड, पाऊस, राजा, चोर, सगळ्यांच्या तोंडून तेच बोलायचे. बाकीचे तिघे आपापल्या पात्राने काय केलं ते सांगायचे. जिथे होईल की नाही अशी शंका, तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. अनंतराव कॉलेजात इतिहास शिकवत. मुलं वर्गात येत नसल्यामुळे सांगायची हौस अशी घरी भागवत. त्यांच्या पत्नी प्रेमला बँकेत होत्या आणि खेळात वैदू. पंचाक्षरी क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवत आणि खेळात भाट होते. केरबा भूजल खात्यातले साहेब. जमिनीतलं पाणी किती खाली गेलं ते मोजायचं काम. दोन हजार सोळा साली त्या खात्याला कामाची अजिबात टंचाई नव्हती.

दौलू कोरडगडाचा दरवान. मागे एकदा त्याने शत्रूच्या शब्दावर विश्वासून गडाचं दार आतून उघडलं होतं, आणि सकाळपर्यंत गडावर रडायलाही माणूस उरला नव्हता. तेव्हापासून केरबा त्या पात्राला घेऊन असे फिरत, जसं कोणी आपल्याच घरातला बदनाम माणूस लग्नाकार्याला घेऊन जातं. टाकता येत नाही आणि ओळखही करून देता येत नाही.

तर त्याला मरण रचायचं होतं. अनंतराव कामाला लागले. शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी होती, रेल्वेने पाणी येणार की नाही यावर पैजा लागत होत्या, उदगीर जिल्हा होणार ही हवा पुन्हा उठली होती. उन्हाळ्यात पाणी नसलं की ती हवा हमखास उठते. अनंतरावांनी यातलंच उचललं. राजाने नवा सुभा जाहीर केला. सुभ्यात सगळं तयार होतं: सुभेदार, सुभेदाराची पालखी, पालखीला भोई, पालखीपुढे कोण चालणार यावरून भांडण. पाणी तेवढं राहिलं होतं. बारव खणली, पायऱ्या बांधल्या, तळ कोरडा. मग जोशीबुवा म्हणाले, ज्याच्या अंगावर मोठं पाप आहे असा माणूस बारवेच्या भिंतीत राजीखुशीने बसला, तर पाणी लागेल.

हे अनंतरावांना सुचलं नव्हतं. हे त्यांनी ऐकलं होतं, केरबांच्याच गावी, जळकोटकडच्या चिंचोडग्यात. फाल्गुनात केरबा विहिरींची पातळी मोजायला निघाले, तेव्हा "चला, आमचं गाव तरी बघा" म्हणून अनंतरावांना जीपमधून घेऊन गेले. गावात पोचताच ते टेप घेऊन विहिरीवर गेले आणि अनंतरावांना रेवणसिद्ध पाटलांनी ओट्यावर बसवलं. चहा आला. एकच कप. "साहेबांना कामाची घाई असते," पाटील म्हणाले. मग त्यांनी बारवेची गोष्ट सांगितली. पूर्वी पाणी लागेना, तेव्हा गावातला एक इमानी माणूस स्वतः पुढे झाला, म्हणाला, मला चिणा. चिणला. तिसऱ्या दिवशी पाणी. अनंतरावांचे डोळे भरून आले. त्यांनी पाटलांना बारवेचं साल विचारलं, दगड कुठल्या खाणीचा ते विचारलं, कमानीची घडण कोणत्या राजवटीची यावर स्वतःच थोडं सांगितलं. माणूस कोणाच्या घरातला होता, हे विचारलं नाही. असलं काही विचारणं त्यांना असभ्य वाटे. इतिहासात डॉक्टरेट असूनही हा सभ्यपणा त्यांनी जपला होता.

परतताना ते एकटेच बारवेत उतरले होते. खालच्या टप्प्यावर भिंतीचा एक पट्टा वेगळा होता. दगड लहान, घाईने बसवल्यासारखे. बाकीची भिंत उन्हाने तापलेली, तेवढाच पट्टा गार. त्यांनी हात लावला आणि लगेच काढला. का काढला हे त्यांना सांगता आलं नसतं. कोणीतरी आतून हात लावलेल्या जागेवरच आपला हात पडला, असं काहीतरी.

आता घरी कागदावर दौलूचा कोनाडा काढताना तो गारवा परत येई. बसलेला माणूस की उभा? उभा असेल तर गुडघ्यात कधी वाकेल? ते हिशेब करत, आणि न्हाणीघरातला कोरडा नळ मध्येच श्वास ओढल्यासारखा आवाज करी. सगळ्या लातूरचे नळ तेव्हा असेच हवा ओढत होते. अनंतरावांना हे कारण पाठ होतं. तरी ते उठून जात आणि नळ घट्ट करून येत.

"त्याला दुसरा काही मार्ग ठेवलाय का?" प्रेमलाताईंनी आराखडा वाचून विचारलं.

"म्हणजे?"

"पळून जायचं म्हटलं तर?"

"पहारा आहे."

"दुसरं पाणी शोधायचं म्हटलं तर?"

"झरे आटलेत."

"नाही म्हटलं तर?"

"लोक मरतील. त्याने सांभाळलेली एक पोरकी मुलगी आहे, तीही मरेल."

प्रेमलाताईंनी कागद परत दिला. "सगळी दारं तुम्ही लावून घेतलीत, आणि वर तो राजीखुशीने जाणार. आमच्या बँकेत असली सही चालत नाही हो."

"नाट्यासाठी लागतं ते," अनंतराव म्हणाले. सूत्रधाराकडे हे उत्तर नेहमी असतं.

शेवटचा रविवार आला. केरबांचं सामान टेम्पोतून आधीच गेलं होतं. ते पिशवी घेऊन थेट आले, संध्याकाळच्या गाडीने निघणार होते. खेळ रंगला. अनंतरावांनी कोरडी बारव अशी सांगितली की पंचाक्षरी उठून तांब्यातलं घोटभर पाणी प्यायले आणि त्यांनी अपराध्यासारखा तांब्या झाकला. जोशीबुवांचं भाकीत झालं. अट कळली.

केरबा ऐकत होते. अट ऐकल्यावर त्यांनी हातातला फासा टेबलावर ठेवला.

"बाई कुठंय?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?"

"एकटा न्हाई बसवत. जोडपं लागतंय. तिच्या ओटीत खण-नारळ घालतेत. याच्या हातात दिवा देतेत. दिवा इझला की कळतं."

यातलं काहीच अनंतरावांनी सांगितलं नव्हतं. पाटलांनीही नाही.

"तुम्हाला... ही गोष्ट माहीत आहे?"

"चिंचोडग्याची बारव," केरबा म्हणाले. आवाज नेहमीचा, पातळी किती मीटर खाली गेली ते सांगताना असतो तसा. "तुम्ही ओट्यावर चहा पीत हुता, मी टेप सोडत हुतो. आतली माणसं आमच्या घरातली हायत, अनंतराव. आज्याच्या पणज्याची पिढी म्हणतेत."

"पाटील म्हणाले, स्वतः पुढे झाला..."

"हाव. पाटील तसंच सांगतेत. माझी आजी नागुबाई सांगायची, हात बांधल्याले होते." ते किंचित हसले. "दोघं बी तिथं नव्हते म्हणा."

मग त्यांनी बाकीचं सांगितलं. दर दुष्काळात गाव त्यांच्या घरी यायचं. बारवेच्या पायरीवर पहिलं पान त्यांच्या घराला. मान म्हणायचे त्याला. वर्षभर ज्यांना पायरी उतरू द्यायची नाही, त्यांना त्या दिवशी पायरीवर जेवायला बसवायचं, त्याच गार पट्ट्याला पाठ लावून. छप्पन्न साली आज्याने दीक्षा घेतली आणि निरोप धाडला, आता आम्ही जेवायला येणार नाही. तेव्हापासून पाऊस ओढला की गाव आधी आभाळाकडे बघतं, मग यांच्या घराकडे.

"यंदा बी बोलावणं आलंय," केरबा म्हणाले. "कार्ड छापून. मी साहेब हाय न्हवं. खाली टीप हाय, बोअरचं बी बघावं."

पंचाक्षरी हसायला लागले आणि अर्ध्यात थांबले.

"केरबा, मला खरंच माहीत नव्हतं," अनंतराव म्हणाले. "आपण इथेच थांबू. मी बदलतो सगळं. दौलू लढाईत मरेल. लहान मुलाला वाचवताना. काहीही."

"न्हाई. चालू द्या."

"अहो पण..."

"मी बरं मरण मागितलं, तुम्ही घरचंच दिलं. आता असू द्या." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आजवर आतलंच ऐकत आलोय मी. भाईर कोण हुतं, ते काय बोलत हुतं, कुणी सांगितलं न्हाई. दौलू जाऊन कोनाड्यात उभा राहिला. लावा दगड. गवंडी कोण हाय?"

"गवंडी... एक गवंडी आहे."

"नाव?"

अनंतरावांनी जोश्याला नाव दिलं होतं, सुभेदाराला दिलं होतं, सुभेदाराच्या घोड्यालाही होतं. "अमृता," ते म्हणाले. त्यांच्याच आजोबांचं नाव अमृतराव होतं, हे बोलून गेल्यावर आठवलं.

"अमृताभाऊ," केरबा दौलूच्या आवाजात म्हणाले, "घरी कोण कोण हाय?"

सूत्रधाराला गप्प बसता येत नाही. "बायको आहे," अनंतराव गवंड्याच्या तोंडून म्हणाले. "दोन लेकरं."

"पाणी लागलं की पितील का ती हितलं?"

"...पितील."

"लावा मग."

अनंतराव दगड लावत गेले. दुसरं काही सांगताच येईना. थर गुडघ्यापर्यंत आला. कमरेपर्यंत आला. चुन्याचा वास सांगितला, थापीचा आवाज सांगितला, आणि सांगता सांगता त्यांना जाणवलं की आपल्याला हे फार चांगलं जमतं आहे. छातीपर्यंत आला. प्रेमलाताई टेबलक्लॉथच्या दशा ओढत होत्या. मध्येच केरबा विचारत, "भाऊ, तो दगड तिरपा बसला का?" आणि अनंतराव म्हणत, "नाही, ओळंब्यात आहे." एका पायरीच्या अंतरावरून ती दोन माणसं बोलत होती, आणि खोलीत आणखी कोणीतरी ऐकायला येऊन उभं राहावं तशी हवा जड झाली होती.

शेवटचा दगड उरला. तोंडाएवढी फट.

"आता दौलूने म्हणायचंय," अनंतराव हलकेच म्हणाले. "मी राजीखुशीने आत आहे. तेवढं म्हटलं की पाणी लागेल."

केरबांनी हात मांडीवर एकमेकांवर ठेवले, जणू बांधलेले.

पंखा फिरत होता. कोणी खाकरलं.

"म्हणा की ओ," पंचाक्षरी एकदम बोलले. "एक वाक्य तर हाय. लोक वाट बघालेत. पाणी येईल."

ते त्यांच्या भाटाच्या तोंडून बोलले होते. निदान सुरुवात तरी तिथून झाली होती. मग त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला. ते केरबांकडे न बघता हळूच म्हणाले, "माफ करा."

"असंच झालं आसंल," केरबा म्हणाले. त्यात राग नव्हता. त्यामुळेच ऐकवेना.

अनंतरावांच्या हातात खरं तर काहीच नव्हतं. तरी त्यांना तो दगड जड लागत होता. "गवंडी दगड खाली ठेवतो," ते म्हणाले. "म्हणजे मी... अमृता लावलेले दगड काढायला लागतो. सगळे."

"सुभेदार बघत असंल की."

"बघू दे."

"पाणी?"

अट त्यांनीच घातली होती. मोडली तर खेळ खोटा. "पाणी लागत नाही," अनंतराव म्हणाले.

"बरं." केरबा उठले. आपला फासा खिशात टाकला, पिशवी उचलली.

"दौलू बाहेर येतो ना?" अनंतरावांनी विचारलं.

"दगड काढायचे तुमच्याकडं. भाईर यायचं का न्हाई, ते त्याचं त्यानं बघायचं." दारात चपला घालता घालता ते प्रेमलाताईंना म्हणाले, "वहिनी, देगलूरला या एकदा. बाजारात तीन भाषांत घासाघीस करतेत. करमंल तुमाला." आणि गेले.

पुढे पंधरवड्याने अनंतरावांनी फोन केला. देगलूरच्या पाण्याची चौकशी झाली, क्वार्टरच्या मोडक्या खिडकीची झाली. मग न राहवून त्यांनी विचारलं, दौलूचं काय ठरवलंत?

"दगड सगळे काढलेत?"

"सगळे."

"मग बघा की आत डोकावून."

"पात्र तुमचं आहे. मी कसा बघणार?"

"बंद करताना बरं बघितलं," केरबा म्हणाले, आणि साहेब आल्याचं सांगून फोन ठेवला.

त्या रविवारी तिघेच बसले. चौथी खुर्ची कोणी हलवली नाही. खेळ पुढे न्यायचा तर सुभा सोडून दुसरीकडे जायला हवं होतं, पण भाट हटून बसला. पंचाक्षरी म्हणाले, मी पलिता घेऊन बारवेत उतरतो. उतरलो. त्या कोनाड्यासमोर उभा राहिलो.

"आत कोणी हाय का?" त्यांनी विचारलं.

प्रेमलाताईंनी अनंतरावांकडे बघितलं. पंचाक्षरींनीही. इतक्या वर्षांत त्यांच्या राज्यातल्या कुठल्याही अंधारात काय आहे, हे सूत्रधाराला ठाऊक नव्हतं असं कधी झालं नव्हतं. अनंतरावांनी सवयीने आपला फासा उचलला, आणि तो कशासाठी टाकायचा हे न उमगल्यामुळे मुठीत तसाच धरून बसले.