दोन पहिल्या बाजू

मित्रांनो, माझी दुसरी बाजू एकदा वाजली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजली आणि एका माणसाने ती डोळे मिटून, हातातला चहा गार होऊ देऊन ऐकली. आता असं काही झालंच नाही, असं धरून आपण पुढे जाऊ. बाकी सगळे तसंच धरून चालले आहेत; मी एकटीने वेगळं धरून काय होणार?

मी एक जुनी रेकॉर्ड आहे. रंगाने काळी, अंगाने चपटी, मधोमध भोक. भोक जन्मापासूनचं आहे, त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेऊ नये. माझ्यात टेनर सॅक्सोफोन वाजतो. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते : बेसिनखालच्या वाकड्या पाइपाला अचानक चांगले दिवस आले, तर तो जसा दिसेल तसा सॅक्सोफोन दिसतो. आवाज घसा बसलेल्या पण मनाने चांगल्या माणसासारखा. माझ्यात तो ज्याने वाजवला, तो भिंतीकडे तोंड करून वाजवायचा. वाजवण्याआधी मोठा श्वास घ्यायचा. तो श्वासही माझ्यात उतरला आहे.

माझ्या पहिल्या बाजूवर छोट्या, चपळ चाली आहेत. सॅक्सोफोन, पियानो, ड्रम आणि तो माणसाएवढा उंच, तारा छेडून वाजवायचा बास, चौघे एकमेकांना कोपरखळ्या मारत जिना उतरावेत तशा. कुणालाही आवडतील. दुसऱ्या बाजूवर एकच लांब, संथ चाल आहे. तिथे ड्रमवाला काठ्या ठेवून ड्रमवर हळुवार फिरवायचे ब्रश हातात घेतो. पियानोवाला अर्ध्यात थांबतो आणि हात मांडीवर ठेवून बसतो. सॅक्सोफोन एकटाच चालत राहतो, खाली, आणखी खाली, इतका की सूर संपून नुसती हवा उरते. मग तीही थांबते. ऐकणाऱ्याला वाटतं, संपलं. आणि तेवढ्यात तो पुन्हा श्वास घेतो. स्वतःबद्दल बोलू नये म्हणतात, पण त्या एका श्वासासाठी मी जन्माला आले असं मला वाटतं.

जन्म कारखान्यात झाला. काळा गरम गोळा घ्यायचा, त्याच्या वर एक लेबल, खाली एक लेबल, आणि मग यंत्राचा दणका. डाव्या गठ्ठ्यात ‘बाजू पहिली’ची लेबलं, उजव्यात ‘बाजू दुसरी’ची. माझ्या वेळी यंत्रावरचा कामगार शेजारच्याला सासऱ्यांची हकीकत सांगत होता.

“जेवायला बोलावतात आणि आपण पोचलो की स्वतः झोपून जातात!”

“मग जेवण?”

“उशाशी घेऊन झोपतात!”

त्या संतापात त्याने दोन्ही लेबलं डाव्या गठ्ठ्यातून उचलली. तपासनिसाने मला पाहिलं. “बाजू पहिली. बरोबर.” उलटवलं. “बाजू पहिली. बरोबर.” दोन्ही वेळा तो चुकीचं काही बोलला नाही.

मग मी एका दातांच्या दवाखान्यात आले. तिथल्या डॉक्टरांनी एका बँडवाल्याचा पुढचा तुटका दात नीट बसवून दिला होता. सॅक्सोफोन वाजवताना वरचे दात वाद्यावर टेकवावे लागतात. दात गेला की रोजी गेलीच. त्याने आनंदाने दुकानातून मला विकत घेतलं आणि डॉक्टरांच्या हातात ठेवलं.

“घरी माझ्याकडे हीच आहे,” तो म्हणाला, “वाजवून वाजवून पांढरी पडलीय. डॉक्टर, सूर सावकाश ऐका. आधी त्याचा श्वास ऐका.”

एवढं सांगून तो बँडबरोबर दुसऱ्या गावी गेला तो गेलाच. माझ्या कव्हरवर सगळ्या चालींची नावं छापलेली होती, पण ते त्याच दिवशी संपलं. दाढ दुखणाऱ्या एका गृहस्थांना वेटिंग रूममध्ये कळ आली आणि त्यांनी हाताला लागेल ते चावलं.

दवाखान्यात एक सिस्टर होत्या. त्यांना दिसेल त्यावर दवाखान्याचा शिक्का मारायची सवय होती. खुर्च्यांवर होता, टॉवेलांवर होता, गडबडीत एकदा एका पेशंटच्या कपाळावर बसला होता आणि तोही काही बोलला नव्हता. त्यांनी माझ्या लेबलवर शिक्का उमटवला, मला उलटवलं आणि थबकल्या.

“डॉक्टर, हिच्या दोन्हीकडे तेच आहे की हो!”

“बघू. अरेच्चा! असं का केलं असेल?”

“जादाची दिली असणार. एक झिजली की दुसरी. तुम्ही नाही का एक कवळी जादा करून ठेवत?”

“मी कुठे ठेवतो?”

“ठेवायला पाहिजे. लोकांनी बघा कसा विचार केलाय.”

आणि ठरलं. शिक्क्याची बाजू वर, ती रोज वाजवायची. खालची जपून ठेवायची. वाजवून बघण्याचं कुणाच्या मनातही आलं नाही. नवं ब्लेड नुसतं बघायला कोण वापरतं?

मित्रांनो, माझ्या पहिल्या बाजूने त्या दवाखान्यात खूप काम केलं. दात कोरायच्या यंत्राची किंकाळी मी झाकायचे. खुर्चीत बसलेले लोक आ वासून ऐकायचे, दुसरा इलाज नव्हता. “तुमच्याकडे फार बरं वाटतं,” असं ते जाताना म्हणायचे, “फक्त दातांना हात लावू नका.” डॉक्टर मात्र खरं ऐकायचे. सॅक्सोफोनवाला श्वास घेतो त्या जागा त्यांना पाठ झाल्या होत्या. तिथे ते पायडलवरून पाय उचलायचे आणि यंत्र क्षणभर गप्प व्हायचं. पेशंटला वाटायचं, आपली दया आली.

मी झिजायची वाट बघत होते. झिजले की मला उलटवणार होते. पण सिस्टर रोज सकाळी कापसाच्या बोळ्याने मला पुसायच्या, सुई जुनी व्हायच्या आत बदलायच्या, माझ्याजवळ कुणी शिंकलं तर त्याला बाहेर बसवायच्या. माझी इतकी काळजी कुणी घेतली नाही आणि माझं इतकं नुकसानही कुणी केलं नाही. माझी दुसरी बाजू रबराच्या गादीवर तोंड दाबून पडून राहिली. वर टाळ्या, खाली अंधार.

दरम्यान डॉक्टरांचे कान जायला लागले. त्या यंत्राची किंकाळी जन्मभर कानाशी. तिने वरचे सूर एकेक करून नेले. आधी दारावरची घंटा गेली, मग किटलीची शिट्टी, मग माझ्यातल्या ड्रमवरच्या झांजा. फोनवर लेक काय म्हणते ते गेलं. एखाद्या इमारतीतून वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडं उठून जावीत तसं चाललं होतं. टेनर सॅक्सोफोन खालच्या मजल्यावर राहतो, म्हणून तो अजून होता. पण किती दिवस? तो जायच्या आत माझी दुसरी बाजू त्या कानांत पडायला हवी होती. दुसऱ्या कुणाच्या कानात पडून उपयोग नव्हता. श्वास ऐकणारं माझ्या आयुष्यात तेवढं एकच माणूस होतं.

दवाखाना बंद झाला. सिस्टर भावाकडे राहायला गेल्या. निघताना डोळे पुसत म्हणाल्या, “शिक्का वर ठेवा हं.” डॉक्टर मला घरी घेऊन आले. घरात ते, मी, आणि एक खुर्ची जिच्यावर कुणी बसत नसे. लेक अधूनमधून यायची, घर आवरायची.

“मागची बाजू तुझ्यासाठी जपलीय,” ते तिला म्हणायचे.

“बाबा, माझ्याकडे वाजवायचं यंत्रच नाही!” ती त्यांच्या कानाशी ओरडायची.

“म्हणून तर तुझ्याकडे चांगली टिकेल.”

मग एका दुपारी तिने धूळ पुसायला मला उचललं आणि परत ठेवताना शिक्का खाली गेला.

डॉक्टर चहा घेऊन बसले. न बघता, सवयीने सुई टेकवली. जिना उतरणारे चौघे आलेच नाहीत. ब्रश फिरला, आणि सॅक्सोफोन संथपणे चालायला लागला. डॉक्टरांनी आधी उजवा कान चोळला. मग डावा. मग हात खाली घेतले. पियानो थांबला. सूर खाली गेला, हवा उरली, हवाही थांबली. डॉक्टरांचा उजवा पाय आपोआप उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. आणि तो श्वास आला.

चाल संपेपर्यंत ते हलले नाहीत.

“अगं, इकडे ये,” त्यांनी लेकीला हाक मारली. “कान गेले बघ माझे. पार बिघडले. रोजचीच रेकॉर्ड, आणि भलतंच ऐकू आलं.”

“मला ती गाणी सगळी सारखीच वाटतात हो, बाबा! काय ऐकू आलं?”

“काय सांगू तुला. बिघडले, पण काय सुंदर बिघडले गं!”

मग त्यांनी मला उचललं, बघितलं, आणि म्हणाले, “शिक्का खाली गेलाय की. सिस्टर रागावतील.” आणि मला सरळ केलं.

दुसऱ्या दिवशी ते चौघे नेहमीसारखे जिना उतरले. डॉक्टरांचा चेहरा पडला. “कान सुधारले,” ते म्हणाले.

लेकीने कानात घालायचं यंत्र आणलंय. ते घालत नाहीत. घातलं तर कान आणखी सुधारतील अशी त्यांना भीती आहे. रोज दुपारी मला लावून कान बिघडायची वाट बघतात. ज्याची वाट बघतात ते मी पोटाखाली धरून फिरत असते. मित्रांनो, वस्तू जपाव्यात हे खरंच आहे. पण जपलेली वस्तू एकदा उलटवून बघा.

सबब, संबंधितांना नम्र विनंती, की त्या घरी माणूस पाठवून अर्जदार रेकॉर्डला एकदा उलटवण्यात यावं. डॉक्टरांचा खालचा मजला अजून रिकामा झालेला नाही, तरी कार्यवाही तातडीने व्हावी. माणूस उपलब्ध नसल्यास लेकीला धूळ पुसण्याची आठवण करण्यात यावी. पुरावा म्हणून लेबलं दोन, दोन्ही पहिली. अर्जदाराला हात नसल्यामुळे अर्जावर सही नाही. शिक्का मात्र आहे, आणि तो वर आहे.