अल ऐनमधली भाजावळ

आमच्या दापोलीकडे मार्च लागला की भाजावळ करतात. भाताचा तरवा जिथे पेरायचा त्या तुकड्यावर पातेरा, शेण, तोडलेल्या फांद्या पसरायच्या आणि पेटवून द्यायच्या. तण मरतं, राखेने रोप जोमात येतं. हे काम मी लहानपणापासून केलेलं, त्यामुळे आगीशी कसं वागायचं ते आपल्याला कुणी शिकवू नये, अशी घमेंड अंगात होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आई मला उठता-बसता म्हणायची. मी हसण्यावारी न्यायचो.

शहाण्णव सालच्या सुरुवातीला मी अल ऐनच्या बाहेर एका खजूरबागेत कामाला लागलो. व्हिसा काढून दिला तो बाबाजीदादाने. तो आमच्याच वाडीतला, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठा, त्या बागेत अकरा वर्षं मुरलेला. दोन वर्षांनी एकदा गावी आला आणि भाजावळीचे दिवस असले, की लोक काडी ओढण्याआधी त्याला विचारायचे. तो अंगणात येऊन वारा बघायचा आणि 'आज नको' म्हणायचा. मग अख्खी वाडी थांबायची. त्याची बायको कावेरीवहिनी तेव्हा दारात उभी राहून हे कौतुकाने बघायची, ते मी पाहिलंय.

अल ऐनला मार्चमध्ये थंडी संपते आणि उन्हाळा अजून अंगावर आलेला नसतो. हवा इतकी कोरडी की सकाळी धुतलेला सदरा चहा होईतो वाळायचा. ओठ फुटायचे. एका बाजूला वाळवंट, दुसऱ्या बाजूला डोंगर; डोंगराकडून वारा सुटला की बागेतली प्रत्येक झावळी खडखडायची. हेच दिवस खजुरीला नराचा तुरा बांधायचे. नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं. कमरेला दोर लावून वर चढायचं, सुकलेल्या झावळ्या छाटून खाली टाकायच्या आणि नराचा तुरा मादीच्या फुलोऱ्यात बांधायचा. छाटलेल्या झावळ्या पिकअपमध्ये भरून बाहेर नेऊन टाकायच्या. बागेत काडी ओढायची नाही, हा अरबाबाचा, म्हणजे मालकाचा, एकच कडक नियम होता.

माझ्या त्या पहिल्याच मार्चमध्ये एक आठवडा पिकअप गॅरेजमध्ये पडली होती. कुंपणाशी झावळ्यांचा ढीग पुरुषभर उंच झाला. शुक्रवारी अरबाब पाहुणे घेऊन येणार होता. मला वाटलं, ढीग जाळून टाकू, राख झाडांच्या आळ्यांत घालू आणि कोकणातला माणूस काय चीज आहे ते अरबाबाला दाखवू. बुधवारी सकाळी बाबाजीदादा तिसऱ्या रांगेतल्या झाडावर चढलेला होता. मी खालूनच त्याला सांगितलं.

"नको," तो वरून म्हणाला. "शनिवारी गाडी येतेय. तोवर थांब."

"दादा, सकाळची वेळ आहे. मतलई वारा आहे, दहापर्यंत बदलायचा नाही. तूच शिकवलंस ना?"

"तो गावचा हिशेब. इथे समुद्र कुठाय, दत्ताराम?" मतलई म्हणजे आमच्याकडे सकाळी जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा वारा.

पाण्याच्या मोटरीवर बसणारा इद्रीस पेशावरकडचा. तोही म्हणाला, "भाई, इधर की हवा का भरोसा नहीं. खलास हो जाएगा सब."

दोघांनी सांगितलं. शहाण्याला शब्दाचा मार, पण शहाणा होता कोण? बाबाजीदादा तुरा बांधण्यात गुंतला आणि मी कुंपणाकडे गेलो. सगळं रीतसर केलं, हे आज सांगताना जास्त लाज वाटते. भोवतीची जमीन झाडली, पाण्याचे दोन डबे ठेवले. वारा बागेकडून कुंपणाबाहेर वाहत होता, म्हणून बाहेरच्या टोकाला पेटवलं. तशाने आग वाऱ्याविरुद्ध हळूहळू खात येते, हातात राहते. आमच्या पाच पिढ्यांनी असंच केलंय.

पंधरा मिनिटं ती हातात राहिली. मग वारा पडला. आणि दुसऱ्या क्षणी तो उलट्या बाजूने, वाळवंटातून, असा आला की माझी टोपी उडून बागेत गेली. टोपीमागोमाग आग गेली. रांगांमध्ये आदल्या दिवशी छाटलेल्या झावळ्या तशाच पडल्या होत्या. त्यांच्यावरून ती धावली आणि खोडांच्या काथ्याला लागली. मी "दादा, उतर! उतर!" असं ओरडत राहिलो. उतरायला वाट एकच होती, पेटलेलं खोड. त्याला दोन्ही हातांनी धरतच तो खाली आला. इद्रीसने मोटर सुरू करून पाण्याचा पाइप त्याच्यावर धरला. छत्तीस झाडं गेली. बाबाजीदादाच्या हातांची बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच.

हॉस्पिटलमध्ये मी त्याच्या खाटेपाशी उभा होतो. अरबाब वाटेत होता.

"मी लावली म्हणून सांगतो," बाबाजीदादा म्हणाला. हात कोपरापर्यंत गुंडाळलेले.

"दादा..."

"माझे हात गेले. मला पाठवणारच आहेत. दोघांनी गावी जाऊन काय करायचं? तुझं लग्न ठरलंय."

मी नको म्हणालो नाही. इतकंच आहे माझं पाप, आणि ते आगीपेक्षा मोठं आहे. अरबाब आला, त्याने विचारलं, बाबाजीदादाने मान खाली घालून सांगितलं आणि मी शेजारी उभा राहून ऐकलं. इद्रीसने माझ्याकडे एकदा बघितलं. पुढे मी तिथे असेपर्यंत त्याने माझ्याबरोबर जेवण घेतलं नाही.

नंतर मी दोनदा सुट्टीवर आलो. बाबाजीदादाकडे गेलो, ब्लँकेटं दिली, चहा प्यायलो. कावेरीवहिनी त्याला घास भरवायची आणि भरवताना बोलायची. "अरबाचा बाग जाळून आले आमचे शहाणे. गावाला वारा शिकवत होते." तो गप्प जेवायचा. गावात आता भाजावळीच्या दिवसांत त्याला कुणी विचारत नसे. मी बशीत बघत बसायचो.

दोन हजार दोनच्या मार्चमध्ये मी कायमचा परत आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याच्याकडे गेलो. समोरच्या शेतात भाजावळीचा धूर होता, वारा जरा चुकलेला, धूर थेट घरात येत होता. वहिनी पेजेचा चमचा त्याच्या तोंडाशी नेत म्हणाली, "बघा, तुमचे चेले. आता सांगा त्यांना, कशी जाळतात ते!"

"वहिनी, आग मी लावली होती," मी म्हणालो.

चमचा तिथेच थांबला.

"दादाने नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. तो वर झाडावर होता. आणि मग त्याने आळ स्वतःवर घेतला, कारण माझं लग्न होतं."

"गप रे," बाबाजीदादा म्हणाला. "कशाला आता?"

मला वाटलं होतं, वहिनी शिव्या देईल. मी त्यासाठीच गेलो होतो. दोन शिव्या खाऊन मोकळं व्हायचं, इतका स्वार्थी विचार घेऊन. पण तिने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने चमचा वाडग्यात ठेवला आणि नवऱ्याच्या हनुवटीवरची पेज पदराने पुसली. पुसून झाली तरी पुसतच राहिली.

"भावोजी," ती म्हणाली, "सहा वर्षं मी ह्यांना प्रत्येक घासाला बोलले. ते आता मी कसं परत घेऊ?"